चाँदला गवाही लागते, आगीच्या गोळ्याला का नको?

शनिवार, २ एप्रिल २०२२. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि शाबान महिन्याची २९ तारीखही होती. सकाळी परभणीच्या गल्ल्यांतून गुढ्या उभ्या राहिल्या. संध्याकाळी मगरीबची नमाज झाल्यावर लोक गच्च्यांवर चढले आणि पश्चिमेला रमजानचा चाँद शोधू लागले. कोरोनाचे निर्बंध राज्य सरकारने पाडव्यापासूनच उठवले होते. दोन वर्षे घरात पढलेली तरावीह आता पुन्हा मशिदीत, जमातीने होणार होती. चाँद दिसला. एकमेकांना मुबारकबाद देणे सुरू झाले. आणि पावणेआठच्या सुमारास उत्तरेच्या आभाळातून, पश्चिमेकडून पूर्वेकडे, जळत्या तुकड्यांची एक रांग सरकत गेली. मागे लांब पिवळट शेपट्या होत्या. आवाज नव्हता, घाई नव्हती. एखादी आगगाडी आभाळातून चालली आहे असे वाटावे, असे ते दृश्य होते. गुजरात, मध्य प्रदेश, खानदेश, विदर्भ आणि मराठवाडा, सगळीकडून ते दिसले.

एका जिल्ह्यातली एवढी माणसे एकाच वेळी आभाळाकडे तोंड करून उभी आहेत, असा योग वर्षातून दोनदाच येतो, रमजानच्या आणि ईदच्या चाँदला. म्हणजे साक्षीदारांची कमतरता नव्हती. ज्यांना चाँदची गवाही कशी द्यायची हे लहानपणापासून ठाऊक आहे, असे साक्षीदार शेकड्यांनी हजर होते. मग अर्ध्या तासात मोबाइलवर काय फिरू लागले? कुणी म्हणाले, रमजान लागला म्हणून शैतानांना बांधताना निघालेली आग आहे. कुणी म्हणाले, कयामतची निशाणी आहे. दुसऱ्या गटांतून आले की नववर्षाच्या मुहूर्तावरचा दैवी संकेत आहे. तिसरीकडे क्षेपणास्त्र होते, चौथीकडे पडणारे विमान होते, पाचवीकडे परग्रहावरचे लोक आले होते. प्रत्येकाकडे उत्तर होते. किती वाजून किती मिनिटांनी, कोणत्या दिशेला, किती सेकंद दिसले, हे मात्र क्वचितच कुणी लिहिले.

माझे भांडण याच्याशी आहे. लोक आश्चर्यचकित झाले याच्याशी नाही. असे दृश्य पाहून ज्याच्या तोंडून ‘सुब्हानअल्लाह’ निघत नाही, त्याचीच मला काळजी वाटेल. भांडण आहे ते प्रश्न विचारण्याच्या आधीच उत्तर पाठवून देण्याच्या सवयीशी. आणि ते आधी आपल्या लोकांशी आहे, कारण ज्यांच्याकडे साक्ष तपासण्याची चौदाशे वर्षांची शिस्त आहे, त्यांनी ती आभाळात आगीचा गोळा दिसताच खुंटीला टांगून ठेवावी, हे मला सहन होत नाही.

ते काय होते, हे आधी सांगतो. ती उल्का नव्हती. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी त्याच रात्री सांगितले की हा चीनच्या ‘चांग झेंग ३ बी’ या अग्निबाणाचा टप्पा असावा. अनुक्रमांक वाय ७७, उड्डाण फेब्रुवारी २०२१ चे. वर्षभर पृथ्वीभोवती फिरून तो त्याच तासाच्या आसपास खाली येणार असा अंदाज होता, आणि त्याचा मार्ग लोकांनी पाहिलेल्या मार्गाशी जुळत होता. हे कसे समजले, ते लक्षात घ्या. एका बाजूला कक्षेत फिरणाऱ्या वस्तूंची नोंदवही होती, दुसऱ्या बाजूला गावोगावच्या माणसांनी मोबाइलवर टिपलेली चित्रे होती. ज्या चित्राबरोबर जागा आणि वेळ होती, ते पुरावा ठरले. ज्याच्यावर फक्त ‘पाहा अल्लाहची कुदरत’ किंवा ‘पाहा चमत्कार’ एवढेच लिहिले होते, ते करमणूक ठरले.

उल्का आणि अग्निबाणाचा कचरा यांतला फरक साध्या डोळ्यांनी कळण्यासारखा आहे. उल्का सूर्याभोवती फिरणाऱ्या दगडाचा किंवा धुळीचा कण असते. ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. बहुतेक उल्का वाळूच्या कणाएवढ्या असतात आणि साधारण शंभर किलोमीटर उंचीवर सेकंद-दोन सेकंदांत जळून जातात. शुक्राहून तेजस्वी उल्का दिसली तर तिला अग्निगोल म्हणतात, आणि तोही काही सेकंदांचाच पाहुणा असतो. पृथ्वीभोवती फिरणारी माणसाची वस्तू मात्र सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर वेगाने, अगदी तिरकस उतरते. ती अर्धा मिनिट, कधी मिनिटभराहूनही जास्त दिसत राहते, आणि तिचे तुकडे एका रांगेत चालतात. म्हणजे त्या संध्याकाळी गच्चीवर उभ्या असलेल्या कुणीही मनातल्या मनात एक ते तीस आकडे मोजले असते, तरी अर्धे कोडे तिथेच सुटले असते. आकडे मोजायला पदवी लागत नाही.

आता ‘चमत्कार’ म्हटल्याने काय बिघडते, ते पाहू. त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ दोन ते तीन मीटर व्यासाचे एक धातूचे कडे आभाळातून येऊन पडले. त्याच तालुक्यात पवनपार गावाकडे फूट-दीड फूट व्यासाचा धातूचा गोळा सापडला. कडे पोलीस ठाण्यात नेऊन ठेवण्यात आले आणि पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन तुकड्यांची पाहणी केली. कुणाला इजा झाली नाही, याबद्दल शुक्र. पण एवढे मोठे कडे घरावर पडले असते तर? जात्रेत, आठवडी बाजारात, ईदगाहवर पडले असते तर? पुढच्याच महिन्यात गुजरातच्या आणंद जिल्ह्यात असेच धातूचे गोळे पडले. म्हणजे ही एकदाच घडलेली गोष्ट नाही.

अशा नुकसानीसाठी जगात कायदा आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशात पाठवलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर ती पाठवणारा देश जबाबदार असतो. त्याची चूक होती की नव्हती हे सिद्ध करण्याचीही गरज नसते. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने बर्फात फिरून तुकडे शोधले, नोंदी केल्या, खर्चाचा हिशोब मांडला, आणि १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने तीस लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. कॅनडाच्या लोकांनी ‘देवाची करणी’ म्हणून हात जोडले असते, तर त्यांना काय मिळाले असते?

माझा मुद्दा एवढाच आहे. आभाळातून पडलेल्या लोखंडाला तुम्ही निशाणी म्हटले की ते टाकणारा सुटतो. दैवी संकेताला नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. सैतानाला मारलेला कोरडा म्हटले की बीजिंगला पत्र कोण लिहिणार? आणि हे फक्त चीनपुरते नाही. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक मोठा धातूचा नळकांडा वाहून आला, आणि तो भारताच्या पीएसएलव्ही अग्निबाणाचा भाग निघाला. तिथल्या लोकांनी त्याला चमत्कार म्हटले नाही. हे कुणाचे आहे, असे विचारले. उत्तर आपल्याकडून गेले. ज्याने त्याने आपला कचरा ओळखावा, हाच न्याय आहे, मग तो शेजाऱ्याच्या अंगणातला असो की आभाळातला.

आता आपल्या घरातल्या शिस्तीकडे येतो. चाँद पाहण्याचा मसला आपल्याकडे किती काटेकोर आहे, हे रूयत-ए-हिलाल कमिटीच्या बैठकीला जाऊन आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. हनफी फिकहनुसार रमजानच्या चाँदला, आभाळ ढगाळ असेल तर, एका विश्वासू माणसाची गवाही पुरते. ईदच्या चाँदला अशा वेळी दोघांची लागते. आभाळ स्वच्छ असेल तर एवढा मोठा समूह लागतो की सगळेच चुकले असे म्हणता येऊ नये. गवाही देणाऱ्याला विचारतात की कुठून पाहिलास, केव्हा पाहिलास, चाँद कोणत्या बाजूला होता, बरोबर कोण होते. ‘माझ्या मेहुण्याच्या मित्राने पाहिला’ ही गवाही तिथे चालत नाही. ‘ग्रुपवर आले होते’ ही तर मुळीच नाही.

सहीह मुस्लिममध्ये कुरैब यांचा प्रसंग आहे. ते शामहून मदिनेला परतले तेव्हा हजरत इब्न अब्बास यांनी त्यांना चाँद केव्हा दिसला ते विचारले. कुरैब यांनी दिवस सांगितला. त्यावर इब्न अब्बास यांनी लगेच पुढचा प्रश्न केला, की तो त्यांनी स्वतः पाहिला होता का. मोठमोठे उलेमा या हदीसवर वेगवेगळ्या ठिकाणच्या चाँदची चर्चा करतात, आणि ती करायलाच हवी. पण मला त्या दुसऱ्या प्रश्नाचे मोल जास्त वाटते. तू स्वतः पाहिलेस का? हा प्रश्न आपल्या प्रत्येक मोबाइलच्या पडद्यावर चिकटवून ठेवण्याच्या लायकीचा आहे.

हदीसचे शास्त्र तरी दुसरे काय आहे? कुणी सांगितले, त्याने कुणाकडून ऐकले, त्या दोघांची भेट झाली होती का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी होती, त्याचा खरेपणा कसा होता. ही सनद तपासण्यात लोकांनी आयुष्ये घालवली. साखळीतला एक राविी जरी मजहूल, म्हणजे अनोळखी निघाला, तरी ती रिवायत कमजोर ठरते. आता ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी पट्टी असलेला संदेश घ्या. त्याच्या साखळीतला पहिल्यापासून शेवटपर्यंतचा प्रत्येक राविी मजहूल असतो. इमाम बुखारींनी उंबऱ्यातही घेतली नसती अशी रिवायत आपण ‘सवाबच्या नियतीने पुढे पाठवा’ म्हणून चाळीस जणांना पाठवतो. हा कोणता दीन आहे? सूरह हुजुरातमध्ये हुकूम आहे की भरवसा नसलेल्या माणसाने बातमी आणली तर आधी तिची तहकीक करा, नाहीतर नकळत कुणाला इजा कराल आणि मग पस्तावाल. जो माणूस ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटतो, त्याला खोटे ठरवायला तेवढेच पुरे, अशा अर्थाची हदीसही आपल्याला पाठ असते. पाठ असते, लागू मात्र आपण ती दुसऱ्यालाच करतो.

इथे एक भाऊ म्हणेल, कुरआनमध्ये शिहाबचा उल्लेख आहे, सैतानांना हाकलणाऱ्या ज्वाळांचा उल्लेख आहे, तुम्ही त्याला नाकारता का? मी नाकारत नाही. सूरह साफ्फात, सूरह मुल्क, सूरह जिन्न मीही वाचतो. पण ती आयत गैबबद्दल सांगते. २ एप्रिलच्या संध्याकाळी पावणेआठला जे गेले ते शिहाबच होते, असे कुरआनने कुठे सांगितले? ती जोडणी तुमची आहे. आणि जोडणी चुकली. ते अग्निबाणाचे लोखंड निघाले. आता ज्या पोराने तुमच्या तोंडून ऐकले की ही कुरआनमधली आग आहे, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यातले कडे पाहिले, त्याच्या मनात शंका कशाबद्दल येईल? तुमच्याबद्दल आली तर ठीक आहे. कुरआनबद्दल आली तर त्याचे पाप कुणाच्या माथ्यावर?

याच विषयावर प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण स्पष्ट आहे. सहीह मुस्लिममध्येच इब्न अब्बास यांच्याकडून आलेली हदीस आहे. एका रात्री प्रेषित (स.) साथीदारांबरोबर बसले असताना तारा तुटून चमकला. त्यांनी विचारले की जाहिलियतच्या काळात असे दिसले तर तुम्ही काय म्हणत होता. लोकांनी सांगितले की आज कुणी थोर माणूस जन्मला किंवा कुणी थोर माणूस मेला, असे आम्ही म्हणत असू. प्रेषितांनी (स.) ते साफ खोडून काढले. कुणाच्या जन्मासाठी किंवा मरणासाठी तारा तुटत नाही, असे सांगितले. पुढे या हदीसमध्ये फरिश्ते आणि जिन्न यांचे वर्णन येते, तो अकीद्याचा भाग आहे. पण सुरुवात कशाने झाली ते पाहा. आधी विचारले, मग लोकांची समजूत ऐकली, मग चुकीची समजूत मोडली. आपला मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले, आणि लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले, तेव्हाही त्यांनी हेच केले. स्वतःच्या घरात मय्यत असतानाही त्यांनी लोकांच्या भोळेपणाचा फायदा घेतला नाही. ‘तारा तुटला, कुणीतरी मोठा माणूस गेला’ हे आपल्या मराठी घरांतले बोलणे हिंदू-मुसलमान दोघांचेही आहे. मुसलमानाला मात्र ते बोलण्याची सोय त्याच्या प्रेषितांनी ठेवलेली नाही.

लोक तरीही जोडत राहिले, याची साक्ष इतिहास देतो. इ.स. ९०२ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर आफ्रिकेचा अमीर इब्राहीम बिन अहमद इटलीत मोहिमेवर असताना मरण पावला. त्याच सुमारास आभाळातून ताऱ्यांचा पाऊस पडला. त्या वर्षाचे नावच ‘ताऱ्यांचे वर्ष’ पडले. आज आपल्याला माहीत आहे की तो सिंह राशीतून येणारा उल्कावर्षाव होता. टेम्पल-टटल धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीतून पृथ्वी दरवर्षी जाते, आता नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि साधारण ३३ वर्षांनी हा वर्षाव जोरात होतो. १८३३ साली तो अमेरिकेत पाहिला, १९६६ साली पुन्हा पाहिला. त्या दोन्ही रात्रींना कोणता अमीर मेला होता?

मुसलमानांनी नेहमी हेच केले असेही नाही. बादशहा जहांगीरच्या आत्मचरित्रात १६२१ सालची नोंद आहे. जालंधर परगण्यातील एका गावात सकाळी मोठा आवाज झाला, उजेड आभाळातून खाली आला आणि जमीन भाजून निघाली. तिथला आमिल मुहम्मद सईद स्वतः घोड्यावर बसून गेला. त्याने जमीन खणायला लावली. जेवढे खोल जावे तेवढी माती जास्त गरम लागत होती. शेवटी लोखंडाचा तप्त गोळा हाती लागला. तो गार झाल्यावर थैलीत मोहरबंद करून दरबारात पाठवला. बादशहाने तो आपल्यासमोर तोलला, वजन भरले १६० तोळे. उस्ताद दाऊदला तलवार, खंजीर आणि सुरी घडवायला सांगितले. निव्वळ ते लोखंड हातोड्याखाली फुटू लागले, म्हणून तीन भागांत एक भाग साधे लोखंड मिसळले. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्या आमिलाची पद्धत बघा. तो जागेवर गेला, खणले, वस्तू मोहरबंद केली, वर पाठवली. फत्वा कुठेही नाही. चारशे वर्षांपूर्वीचा परगण्याचा एक अधिकारी आपल्यापेक्षा शहाणा होता, हे मान्य करायला मला लाज वाटते, पण मान्य केले पाहिजे.

आपला मुलूखही या बाबतीत दरिद्री नाही. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. त्याच राज्यात नवाब जफर जंग यांनी १९०१ साली हैदराबादला वेधशाळा उभी केली. त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. पॅरिसहून आखलेल्या सगळ्या आभाळाच्या नकाशाच्या कामात जगातल्या मोजक्या वेधशाळांनी वाटा उचलला, त्यात ही निजामिया वेधशाळा होती. वर्षानुवर्षे रात्री जागून तिथल्या माणसांनी काचेच्या पट्ट्यांवर तारे टिपले आणि एकेका ताऱ्याची जागा मोजली. १९२८ साली आपल्या परभणी भागात पडलेला उल्कापाषाण जगाच्या यादीत ‘नाओकी’ या नावाने, एच ६ या वर्गात नोंदलेला आहे. उल्कापाषाणाला तो जिथे पडला त्या ठिकाणाचे नाव देतात. म्हणजे कुणीतरी पाहिले, कुणीतरी उचलले, कुणीतरी योग्य जागी पोचवले, म्हणून या मातीतले एक नाव त्या यादीत गेले. २२ मे २०१२ च्या दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोलला दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते गोळा केले, आणि काटोलही त्या यादीत जाऊन बसले. जिंतूरहून मंठ्यामार्गे पुढे गेले की लोणार लागते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर बसाल्टच्या खडकात आभाळातल्या दगडाने पाडले. दीड-दोन तासांवर जगाचे आश्चर्य आहे, आणि आपल्या पोरांना उल्का कशी ओळखायची ते माहीत नाही.

काही जण म्हणतील, एवढे कशाला ताणता? आभाळातल्या गोष्टीबद्दल चार लोक काही बोलले, तर कुणाचे काय गेले? मी सांगतो काय जाते ते. सवय जाते. आभाळाबद्दल तपासल्याशिवाय बोलणारी जीभ जमिनीबद्दल तपासून बोलत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश मोबाइलवर फिरत होते. कुणी स्वतः पाहिले होते का? कुणीच नाही. तरी पाच जीव गेले.

आणि आपण तर या रोगाचे भुक्तभोगी आहोत. २०२० च्या वसंतात कोरोना मुसलमानांनी पसरवला, असे जे व्हिडिओ फिरले, ते कुणी विसरले आहे का? भाजीवाल्याला गल्लीत येऊ दिले नाही, ते दिवस आठवतात ना? तबलिगी जमातीसाठी आलेल्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे म्हटले. तो न्याय आपल्याला कशामुळे मिळाला? न्यायाधीशांनी विचारले की पुरावा कुठे आहे. ज्या प्रश्नाने आपल्याला वाचवले, तो प्रश्न आपण स्वतःच्या मोबाइलला विचारणार नसू, तर दुसऱ्याच्या अफवेबद्दल तक्रार करण्याचा आपला हक्क किती उरतो?

पाडव्याच्या त्याच संध्याकाळी मुंबईत शिवाजी पार्कवर मशिदींवरच्या भोंग्यांचे भाषण चालू होते. पुढचे कित्येक दिवस राज्याने दुसरे काही बोलले नाही. लाडबोरीचे कडे दोन दिवसांत बातमीतून गेले. ज्यांना आपल्या डोक्यावर काय पडते आहे हे विचारायची सवय नाही, त्यांनी कशावर भांडायचे हे दुसरेच ठरवतात. यात हिंदू-मुसलमान असा फरक नाही.

आपल्या चाँदच्या गवाहीला हसणाऱ्यांनाही दोन शब्द. मुसलमान अजून डोळ्यांनी चाँद पाहत बसतात, अशी टवाळी करणारे बरेच शिकलेले लोक आहेत. त्या दिवशी सूर्यास्ताला चंद्राचे वय एकतीस तासांच्या आसपास होते. तो दिसणार, हे गणित करणाऱ्याला आधीच माहीत होते, आणि तसाच तो दिसला. गणित आणि डोळा यांचे भांडण नाही. पण याच टवाळखोरांपैकी कितीतरी जणांनी अर्ध्या तासाने परग्रहावरच्या यानाचे व्हिडिओ पुढे पाठवले. डोळ्यांनी पाहून गवाही देणे मागासलेपणाचे नाही. न पाहता बोलणे मागासलेपणाचे आहे, मग त्यावर टोपी असो की टाय.

आता करायचे काय, ते सांगून थांबतो. हे काम मशिदीतल्या मकतबपासून जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत कुठेही शिकवता येते. आभाळात काही जळताना दिसले तर आधी सेकंद मोजा. संपले की घड्याळात वेळ पाहा आणि कागदावर लिहा. कुठे उभे होता ते लिहा. कोणत्या दिशेला सुरू झाले आणि कुठे विझले, ते किबल्याच्या हिशोबाने सांगितले तरी चालेल, पश्चिम आपल्याला दिवसातून पाच वेळा आठवते. उंची मोजायला हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. रंग कोणता, तुकडे झाले का, आवाज आला का, आणि किती वेळाने आला, हे लिहा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणून साठ किलोमीटर उंचीवरचा स्फोट ऐकू यायला तीन मिनिटे जातात. सेलू, पाथरी आणि गंगाखेड अशा तीन गावांतून तीन माणसांनी एवढे लिहिले, तर त्या वस्तूचा आभाळातला मार्ग आखता येतो. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना अशा नोंदी इंटरनेटवर कुणाकडूनही घेते. तिथे तुमची जात, धर्म, शिक्षण कुणी विचारत नाही. स्वतः पाहिलेत का, एवढेच विचारतात.

आणखी एक, हे जिवाशी संबंधित आहे. रात्री अचानक दिवसासारखा उजेड झाला तर खिडकीच्या काचेजवळ जाऊन उभे राहू नका. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे वीस मीटरचा दगड हवेत फुटला. उजेड पाहायला लोक खिडक्यांशी धावले. मिनिटा-दोन मिनिटांनी हवेचा तडाखा आला, काचा फुटल्या आणि सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. आणि शेतात काही धातूचे पडलेले सापडले तर हात लावू नका, त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. मुलांना दूर ठेवा, जागेवर खूण करा, पोलिसांना आणि तहसीलला कळवा.

इमामसाहेबांना एक विनंती. पुढच्या वर्षी २९ शाबानला चाँदची गवाही घ्याल, तेव्हा त्याच वहीचे एक पान आभाळातल्या इतर गोष्टींसाठी राखून ठेवा. ज्याने काही पाहिले असेल त्याने येऊन सांगावे, वेळेसह, दिशेसह, नावासह. ज्याने फक्त ऐकले असेल त्याला सांगा की घरी जाऊन मोबाइल बाजूला ठेव आणि तरावीहची तयारी कर.